जगदेवीच्या नावाआधी काय लिहायचं

लातूर,
११ जुलै १९९९

ती. तारामतीमावशी यांना,
उमादेवीचा शरणु शरणार्थी.

तुम्ही मला ओळखणार न्हाई. मी जगदेवीची धाकटी लेक. निजामाविरुद्धच्या लढ्यात सरहद्दीवरच्या कॅम्पात तुम्ही आणि माझी अव्वा एका चटईवर झोपायच्या, एवढं मला अव्वाकडून ठाऊक हाय. तुमचा पत्ता तुमच्या शाळेतून मिळवला.

अव्वा भूकंपात गेली. त्र्याण्णव सालीच. आमचं गाव किल्लारीपासून चार कोसांवर. मी लग्न होऊन लातुरात होते म्हणून राहिले. आता इथं ट्यूशनला आलेल्या पोरींसाठी मेस चालवते. परभणी, देगलूर, नांदेड, कुठकुठच्या पोरी हायत.

पत्र लिहायचं कारण असं. मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं झाली म्हणून मागल्या साली इथं जुन्या माणसांचा सत्कार झाला. त्यात लिंबाजीकाका म्हणून म्हातारे बोलायला उभे राहिले. हदगावकडचे, पैनगंगेवर नाव चालवायचे, आता लेकाकडं लातुरात असतात. त्यांनी माइकवर अव्वाचं नाव घेतलं. म्हणाले, असली पोरगी मी परत बघितली न्हाई. मग काय, कमिटी बसली. संगप्पाअण्णा शेटकार अध्यक्ष. त्यांच्या इमारतीत चार ट्यूशन क्लास भरतात, तिच्यासमोरच्या चौकात अव्वाचा पुतळा बसवायचा ठरलंय. नगरपालिकेचा कागद पण झाला.

आडलंय ते नावावर. एक म्हणतो 'रणरागिणी जगदेवी'. दुसरा म्हणतो 'वीरपत्नी'. संगप्पाअण्णांना 'विद्यादायिनी' पाहिजे, कारण समोर क्लास हायत. अव्वा तेव्हा अंगठेबहाद्दर होती, पण त्याचं त्यांना काय न्हाई.

अव्वानं कॅम्पात काय केलं हे तिनं आम्हाला कधी सांगितलं न्हाई. इचारलं तर म्हणायची, नांदेडला तारामती हाय, तिला समदं ठाऊक. म्हणून तुम्हाला इचारते. काय लिहावं?

तुमची,
उमादेवी


नांदेड,
२० जुलै १९९९

चि. उमादेवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जगदेवी गेल्याचं मला तुझ्या पत्रातूनच कळलं. त्या वेळी पेपरात नावांच्या याद्या येत होत्या, त्या मी वाचत होते. इतकी नावं, त्यात एक नजरेतून निसटलं असावं. वाईट वाटलं.

लातूरकरांचा उत्साह मोठा आहे. आमच्या नांदेडची हुशार मुलं दहावी झाली की वळकटी बांधून तुमच्याकडे निघतात. आम्ही इथे एकतीस वर्षं मुलींना शिकवलं, हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालो, ते काय पाटीवर हात धरायलाच. असो. आता पुतळेही तुमच्याकडेच होणार.

तू विचारलंस म्हणून सांगते. पुतळ्याखालचा शब्द ही जबाबदारीची गोष्ट आहे. माणूस विसरलं जातं, फरशी राहते. 'रणरागिणी' म्हणजे जिने रणात शस्त्र धरलं ती. जगदेवीने शस्त्र धरलेलं मी पाहिलेलं नाही. ती प्रेमळ होती, कष्टाळू होती. कॅम्पात साठ माणसं जेवत. तिच्या हातची भाकरी सगळ्यांना आवडायची आणि पहाटेपासून ती चुलीशीच असायची. हेही कामच आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्याला 'रणरागिणी' म्हटलं तर खऱ्या रणात उतरलेल्यांनी काय म्हणायचं?

लिंबाजी मला आठवतो. भला माणूस. पण पन्नास वर्षांत आठवणींची सरमिसळ होते, आणि सत्काराच्या दिवशी तर जास्तच.

माझा सल्ला मागितलास तर 'वीरपत्नी' शोभून दिसेल. त्यात घराण्याचाही मान राहतो. हातात काय द्यायचं असेल तर भाकरीची टोपली द्यावी. साधी, खरी.

हे पत्र कमिटीला दाखवायला हरकत नाही.

तुझी,
तारामती देगलूरकर


लातूर,
८ ऑगस्ट १९९९

ती. तारामतीमावशी यांना,
शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र संगप्पाअण्णांनी मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. तुमचं अक्षर समद्यांनी हातोहात बघितलं. तुम्ही ताम्रपटवाल्या, हेडमास्तरीणबाई, तुमचा शब्द कोण खाली पाडणार. ठराव झाला. 'वीरपत्नी श्रीमती जगदेवी बसलिंगप्पा बिराजदार'. मूर्तिकाराला डोक्यावर टोपली करायला सांगितलंय.

पण मावशी, दोन गोष्टी मनाला लागल्या.

पहिली म्हणजे माझे बाप वीर नव्हते. त्या साली ते उदगीरला अडतीवर पोती मोजत होते. अव्वाशी त्यांचं लग्न नंतर दोन वर्षांनी झालं. माणूस चांगला होता, पण कॅम्प त्यांनी डोळ्यानं बघितला न्हाई. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं. संगप्पाअण्णा म्हणाले, "उमाक्का, बाईच्या नावाआधी काहीतरी लागतंय. नुसतं नाव उघडं दिसतं."

दुसरी गोष्ट लिंबाजीकाकांची. ठराव होताना ते काठी टेकत उभे राहिले. म्हणाले, "भाकरी थापली आसंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पर पैनगंगा भरून चालली व्हती आन् ह्या हातानं मी तिच्या कमरंला भोपळे बांधलेत. ती पोरगी नदीतून गेली. येवलखेडा तिच्यामुळं वाचला." तर कुणीतरी म्हणालं, काका, तुमचं वय झालं, बसा. ते बसले न्हाईत. निघून गेले.

तुम्ही पत्रात नदीचं काही लिहिलं न्हाई. म्हणून सरळ इचारते, राग मानू नका. माझ्या अव्वानं नदी पार केली का न्हाई? हो का न्हाई एवढंच कळवा. तुम्ही न्हाई म्हणालात तर मी परत इचारणार न्हाई.

तुमची,
उमादेवी


नांदेड,
१४ ऑगस्ट १९९९

चि. उमादेवीस,
आशीर्वाद.

तू माझ्याकडे दाखला मागशील असं वाटलं नव्हतं. मागितलास, तर सोबत जोडला आहे. ताम्रपट मिळाला तेव्हाच्या मानपत्राची ही नक्कल. खालून चौथी ओळ वाच. 'श्रावणातील महापुरात पैनगंगा पार करून येवलखेडा गावास रझाकारांच्या हल्ल्याची आगाऊ वर्दी देणाऱ्या'. कोण देणाऱ्या, ते वरती लिहिलं आहे. कॅम्पच्या रोजच्या वहीतही तेच आहे. ती वही अजून दफ्तरात आहे, संगप्पाअण्णांना हवी असेल तर त्यांनी खुशाल तहकीकात करावी.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. जगदेवी माझ्यासोबत होती. नदी मी पार केली.

लिंबाजीने दोन मुली पाहिल्या. कमरेला भोपळे कोणाच्या बांधले हे त्याला आज आठवत नसेल.

उमा, मला कसलाही हव्यास नाही. पण एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्या गल्लीच्या तोंडाला नगरसेवकाच्या आजोबांच्या नावाची कमान आहे. त्यांनी काय केलं होतं ते कोणाला ठाऊक नाही. मी रोज त्या कमानीखालून भाजी आणते. सतरा सप्टेंबरला शाळेतली मुलं येतात, गुलाब देतात, मी तीच हकीकत सांगते, मुलं चुळबुळ करतात. एवढाच माझा मान. आणि जिला कॅम्पातून गेल्यावर कोणी विचारलं नाही, तिच्यासाठी चौक. जिवंत माणसाकडून दाखला घ्यायचा आणि मेलेल्या माणसाला चौथरा द्यायचा, हा कुठला न्याय?

हे लिहायला नको होतं. पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

तुझी,
तारामती


लातूर,
२ ऑक्टोबर १९९९

ती. तारामतीमावशी यांना,
शरणु शरणार्थी.

उत्तराला उशीर झाला. बारावीच्या पोरींच्या चाचण्या चालू होत्या आणि मधे तीस सप्टेंबर येऊन गेला. दर साली त्या दिवशी आम्ही जुन्या गावाच्या जागेवर जातो. आता तिथं बाभळी हायत. आमचं घर कुठलं ते मला आता नीट दाखवता येत न्हाई.

मावशी, तुमचं पत्र वाचून मला लाज वाटली. तुम्हाला हो का न्हाई इचारायला नको होतं. त्याचं कारण सांगते.

अव्वाच्या घरातून फार काही निघालं न्हाई. एक पितळी तांब्या, दोन पातळं आणि विभूतीचा पत्र्याचा डबा. त्या डब्याच्या झाकणाला आतून पेपरचं कात्रण चिकटवलेलं होतं. तुमच्या ताम्रपटाची बातमी. तुमचा फोटो हाय त्यात, हार घातलेला. लहानपणापासून आम्ही ते बघितलंय. अव्वा आल्यागेल्याला दाखवायची, ही माझी मैत्रीण. पुढं गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. पन्नाशीला अव्वा अक्षरं शिकली. ती पहिल्यांदा जे वाचायला बसली ते हेच कात्रण. बोट ठेवून ठेवून वाचलं. 'पैनगंगा' तिला एका दमात आलं. माझी थोरली बहीण बाजूला होती, मी पण होते. बातमीत नदीचं लिहिलेलं होतंच. मी इचारलं, "अव्वा, तू पण होतीस का गं तिथं?"

म्हणाली, "होते की. काठावर होते."

एवढंच म्हणाली आणि डबा मिटला.

बघा मावशी, तिनं स्वतःच सांगितलं होतं. मी हे इसरून लिंबाजीकाकांचं ऐकत बसले, कारण आपली आई मोठी असावी असं कुणाला वाटत न्हाई? मी कमिटीला जाऊन सांगितलं, नदी तारामतीमावशींची हाय. तसं लिहून दिलं, सही केली. लिंबाजीकाका आता माझ्याशी बोलत न्हाईत. मेसवरून जातात तर मान फिरवतात.

तुमच्या न्यायाचं वाचून वाईट वाटलं. माझ्या हातात असतं तर मी तुमचाच पुतळा बसवला असता. अव्वाला पण ते आवडलं असतं.

'वीरपत्नी' मला अजून पटत न्हाई, पण फरशी कोरायला जाणार हाय. जाऊ द्या.

तुमची,
उमादेवी


नांदेड,
१९ ऑक्टोबर १९९९

चि. उमादेवीस,

फरशी कोरायला दिली असेल तर थांबव. हे आधी वाच.

काठावर मी होते.

आता क्रमाने सांगते. तुझा आजोबा हदगावला जिनिंगवर होता. जगदेवी तिथून पळून कॅम्पात आली, मी घरच्यांची परवानगी घेऊन आले. ती सतरा वर्षांची, मी अठरा. श्रावणात कळलं की येवलखेड्यावर टोळी चालून जाणार आहे. पुरुष गेले तर पलीकडच्या काठावर पकडले जातील, म्हणून आम्हा दोघींना पाठवलं. चिठ्ठी माझ्याकडे, कारण वाचता मला येत होतं. पोहता दोघींनाही येत होतं, पण विहिरीतलं.

दुपार होती. नदीवर गेलो तर पाणी लाल आणि मधून आख्खी झाडं वाहत होती. नाव टिकणार नव्हती, म्हणून लिंबाजीने दोघींसाठी कमरेला बांधून तरंगायचे सुके भोपळे आणले. मी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. पायाखालची वाळू सरकली आणि मी मागे फिरले. परत गेले, परत फिरले. जगदेवी म्हणाली, "तू ऱ्हा इथं. दोघी बुडून काय उपयोग?" माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, अंबाड्यात खोचली आणि गेली. तिचं डोकं दिसत होतं तोवर मी पाहिलं. नंतर पाहवलं नाही.

ती तिसऱ्या दिवशी आली. गाव रिकामं झालं होतं, टोळीला घरं मिळाली, माणूस मिळालं नाही. तिच्या दंडाला मोठी जखम होती. तिचा वण तू पाहिला असशील.

कॅम्पात गेलो. बायकांनी तिला उचलून घेतलं. प्रमुख म्हणाले, वाघीण आहे पोरगी. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि पाहायचं कारणही नव्हतं. मग मला म्हणाले, "तारामती, वहीत नोंद करून ठेव." वही माझ्याकडे असायची. लिंबाजीला लिहिता येत नव्हतं, तिला येत नव्हतं. तिघांत लिहिता मला एकटीला येत होतं. मी लिहिलं, 'तारामती हिने पैनगंगा पार करून निरोप पोहोचविला. सोबत जगदेवी.' ती मागे उभी होती. तिने विचारलं, "माझं नाव लिहिलंस का?" मी म्हटलं, "लिहिलं." ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं.

मला वाटलं होतं, कॅम्प उठेल, वही हरवेल. वही हरवली नाही. त्या एका ओळीवरून पुढे सगळं आलं, मानपत्र, ताम्रपट, शाळेतला मान.

ताम्रपटाच्या दिवशी तुझी आई आली होती. दिवसभर एसटीचा प्रवास करून. बायकांत बसली. मानपत्र वाचलं गेलं आणि मी तिच्याकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालू होत्या. नंतर स्टेजजवळ येऊन तिने माझ्या हातात नारळ आणि खण दिला. म्हणाली, "चांगलं वाचलं त्यांनी. नदी डोळ्यापुढं आली." मी तिला घरी चल म्हटलं नाही. पाहुणे आहेत असं सांगितलं.

उमा, मी तिचा हेवा तेव्हा केला, कारण लोक तिच्याभोवती होते. मग ताम्रपट माझ्या घरात आला, तरी केला. सत्तावीस वर्षं मी स्वतःला समजावत आले की तिला ते मानपत्र कळलंच नसेल, भोळी होती. तुझ्या पत्राने तोही आधार गेला. तिला कळलं होतं. वाचता यायला लागल्यावर तर अक्षर अक्षर कळलं होतं. आणि तिने पोटच्या मुलींसमोर माझी जागा स्वतःकडे घेतली. काठावर होते म्हणाली. असं कोणाला जमतं? मला जमलं नसतं. जमलं नाही. तू 'पुतळा' लिहिलंस आणि मेलेल्या बाईवर माझा जळफळाट झाला. पहिलं पत्र मी तीनदा लिहिलं, प्रत्येक वेळी तिला थोडी आणखी लहान करत.

भूकंपानंतर पेपरातल्या याद्या मी खरंच वाचत होते. तिचं नाव मी पाहिलं होतं. नजरेतून निसटलं नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं आणि त्याखाली कुठेतरी हलकंही वाटलं, की आता कोणी सांगणारं उरलं नाही.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे, वकिलासमोर सही केलेलं. एक प्रत कमिटीला, एक कलेक्टर कचेरीत दिली आहे, ताम्रपटासकट. शाळेतही जाऊन सांगितलं. नव्या हेडमास्तरीण म्हणाल्या, आता या वयात कशाला. मी म्हटलं, याच वयात, कारण पुढचं वय नाही.

तिच्या नावाआधी काय लिहायचं हे ठरवायचा हक्क मला नाही. लिंबाजीला विचार.

तारामती


लातूर,
२३ जानेवारी २०००

तारामतीमावशींना,
शरणार्थी.

तीन महिने लिहिलं न्हाई. लिहिणारच नव्हते. तुमचं पत्र हातात धरून मी लिंबाजीकाकांच्या दारात गेले आणि पायरीवर बसले. ते बाहेर आले. वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "मला म्हातारा म्हणले व्हते." आत जाऊन पाणी आणलं. तेव्हापासून बोलायला लागले.

कमिटीत लई गोंधळ झाला. एक म्हणाला, बाई तेव्हा खोटं लिहू शकते तर आता पण लिहू शकते. दुसरा म्हणाला, पुतळाच नको, वाद नको. संगप्पाअण्णांनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, ताम्रपट परत करून कुणी खोटं बोलत न्हाई. त्यांच्या इमारतीसाठी त्यांना काय पाहिजे होतं ते सोडा, पण तेवढं ते सरळ बोलले.

मग परत नावाचं आलं. आता 'वीरांगना' म्हणायला लागले, 'पैनगंगेची वाघीण' म्हणायला लागले. मी उभी राहिले. मी मीटिंगमध्ये कधी एवढं बोलले न्हाई. म्हटलं, नदी पार केली तेव्हा तिचं लग्न झालं नव्हतं, मग नवऱ्याचं नाव कशाला? बापाचं घालावं तर कॅम्पात गेली म्हणून त्यानं तिला पुढं घरात घेतलं न्हाई. वाघीण पण नको. वाघिणीला पोहायला काय लागतंय, माणसाला भीती असते. संगप्पाअण्णा म्हणाले, "उपाधी न्हाई तर लोकांना कसं कळणार कोण ते?" मी म्हटलं, इचारतील. इचारलं की सांगायचं. समोर एवढी शिकणारी पोरं हायत, त्यांना इचारायला तरी शिकू द्या.

फरशीवर 'जगदेवी' एवढंच कोरलंय. खाली बारीक अक्षरात, '१९४८च्या श्रावणात पैनगंगा पोहून गेली. येवलखेडा वाचला.' येवलखेड्याहून दोन टेम्पो माणसं येणार हायत. मूर्तिकारानं टोपली काढून टाकली, कमरेला भोपळे केले. अण्णांना वाटतं पोरं हसतील. हसू देत.

आता तुमचं. माझा राग गेलेला न्हाई. भाकरी थापणं हलकं न्हाई, मी त्यावरच जगते. पण तुम्ही तिच्यासाठी टोपली सुचवली ती तिला झाकायला सुचवली, हे मला पाणी पिताना पण आठवतं. यादीत तिचं नाव बघून हलकं वाटलं हे तुम्ही लिहिलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं, आणि लिहिलं ते बरं झालं असं पण वाटतं. काय ते मला ठरवता येत न्हाई.

मी चारदा पत्र लिहून फाडलं. कागदावर राग नीट उतरत न्हाई. एक तर फार शहाणा होतो न्हाई तर फार वंगाळ.

कार्यक्रम अठरा फेब्रुवारीला सकाळी दहाला हाय. तुम्ही यावं. स्टेजवर तुम्हाला कुणी बोलावणार न्हाई, हे आधीच सांगते. बायकांत बसायचं, माझ्या शेजारी. एकोणीस तारखेला पोरींना सुट्टी हाय, मेस बंद. त्या दिवशी मला तुमच्यावर समोर बसून रागवायचंय. मधे जेवायला थांबू.

दोन दिवसांचे कपडे घेऊन या.

उमादेवी